पंच्याहत्तरवाला आणि त्रेपन्नवाला

शिऱ्या महिनाभर लेकाकडे पॅरिसला राहून आला. आता रोज संध्याकाळी कट्ट्यावर फोटो दाखवून आमचा छळ चाललाय. काल पॅरिसजवळच्या ल बुर्जेच्या विमान संग्रहालयाचा नंबर होता. छताला टांगलेली, उभी केलेली शंभर विमानं पुढे सरकवून तो एकावर थांबला. छोटंसं स्पाड जातीचं फ्रेंच लढाऊ विमान, अंगावर करकोचा रंगवलेला आणि ‘व्यू शार्ल’ हे नाव, म्हणजे म्हातारा शार्ल.

“जॉर्ज गिनमेर. पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा सगळ्यात मोठा वैमानिक!”

“मोठा कसला,” पक्या चहा फुंकत म्हणाला. “त्यानं शत्रूची ५३ विमानं पाडली. त्याच युद्धातल्या फ्रान्सच्याच रने फाँकनं ७५. दोस्त राष्ट्रांच्या बाजूला एवढी कुणाचीच नाहीत.”

झालं, पेटलं.

शिऱ्याचं म्हणणं, आकडे काय बघतोस, माणूस बघ. अंगानं इतका किडकिडीत की सैन्यानं घेतलाच नाही. मग मेकॅनिक म्हणून शिरला, इंजिनं पुसता पुसता उडायला शिकला. सात वेळा पाडला गेला. सप्टेंबर १९१६ मध्ये तर फ्रान्सच्याच तोफेचा ७५ मिलिमीटरचा गोळा तीनेक हजार मीटर उंचीवर विमानात घुसला. पंखाचं कापड फाटून चिंध्या झाल्या, विमान भिरभिरत खाली आलं, आपटलं आणि हा जिवंत. वर्षभरात, ११ सप्टेंबर १९१७ ला, बेल्जियममधल्या पोलकापेल गावाजवळ गेला तो गेलाच. वय २२. देह सापडला नाही. शाळेतल्या पोरांना सांगायचे, तो इतका उंच गेला की त्याला खाली येता आलं नाही.

“हेच ते!” पक्या उसळला. “सात वेळा पडला ही काय शाबासकीची गोष्ट आहे? फाँकच्या विमानाला अख्ख्या युद्धात एकच गोळी लागली म्हणतात. आधी नुसतं बघायचा, नेमक्या जागी जायचा, मोजक्या गोळ्या झाडायचा, घरी यायचा. दारू नाही, जागरण नाही.”

मग त्यानं ९ मे १९१८ चा किस्सा काढला. मित्रांशी शँपेनच्या बाटलीची पैज लागलेली, सकाळी धुकं. दुपारी धुकं विरलं, फाँक वर गेला आणि अंधार पडायच्या आत सहा विमानं पाडून आला. सप्टेंबरात परत एका दिवसात सहा.

“आणि ते स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा,” शिऱ्या.

यात मात्र शिऱ्या खोटं बोलत नव्हता. फाँकचा स्वतःचा आकडा शंभराच्या वर होता. पण फ्रेंच नियम कडक. पडताना पाहणारा त्रयस्थ साक्षीदार हवा. जर्मनांच्या हद्दीत आत जाऊन पाडलेल्याला साक्षीदार कुठून आणणार? ती गेली खात्याबाहेर. मला विचाराल तर त्याच्या बढाईत निम्मा राग या नियमाचा असावा.

पुढचं आयुष्यही त्याच्या बाजूचं नाही. १९२६ मध्ये न्यूयॉर्क-पॅरिस एका दमात उडायला निघाला. इंधनानं ठासून भरलेलं तीन इंजिनांचं सिकोर्स्की विमान उचललंच नाही, धावपट्टीच्या टोकाला पेटलं. चौघांतले दोघे गेले, हा वाचला. पुढच्या वर्षी लिंडबर्ग या अमेरिकन वैमानिकानं तोच पल्ला मारला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या पेतँच्या विशी सरकारशी संबंध, त्याचा डाग वेगळाच. १९५३ मध्ये गेला.

“तो १९१७ मध्येच मेला असता तर त्याचाही फोटो काढून आणला असतास,” पक्या म्हणाला. शिऱ्या गप्प. मीही मनातून पक्याच्या बाजूचा, पण तो करकोचा पुन्हा एकदा मोठा करून पाहिला खरा.

तेवढ्यात मामा पैसे मागायला आला. “सात कटिंग.”

“पाच,” पक्या.

“सात.”

“साक्षीदार आहे का?”

मामानं बाकाखालचे रिकामे ग्लास एकेक करून वर मांडले.