वीज फुकट कशी द्यावी आणि बिल कुणाच्या नावावर फाडावे

शपथविधी झाला, हार उतरले, आणि खाते कोणते ते पाहिले तर ऊर्जा. खट्टू होऊ नका. महसूल आणि गृह मागणाऱ्यांना जे कळत नाही ते असे: या खात्यात जे वाटायचे ते डोळ्यांना दिसत नाही, त्यातले बरेचसे कुणी मोजत नाही, आणि त्याचा हिशेब येईपर्यंत खाते दुसऱ्याकडे गेलेले असते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याइतके पुण्य दुसऱ्या कुठल्या खात्यात नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही.

पहिली अडचण कायद्याची. वीज कायदा 2003 चे कलम 65 म्हणते की एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर सरकारने तिची रक्कम आगाऊ भरावी. न भरल्यास वीज नियामक आयोगाने ठरवलेला दरच लागू. म्हणजे उदार व्हायला मनाई नाही, फक्त स्वतःच्या खिशातून व्हा एवढेच म्हणणे. यातून वाट अशी काढा. सवलत एप्रिलपासून जाहीर करा. तरतूद पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत ठेवा. पैसे दिवाळीनंतर सोडा, तेही हप्त्याने, आणि जेवढे जमेल तेवढे कंपनीने ग्राहकांकडून गोळा केलेल्या वीज शुल्कात वळते करून टाका, म्हणजे तिजोरीचे कुलूपही काढावे लागत नाही. मधल्या काळात वितरण कंपनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढते. त्या कर्जाचे व्याज पुढच्या दरप्रस्तावात बसते. अशा रीतीने फुकट विजेचे व्याज ज्याची वीज फुकट नाही तो भरतो, आणि त्याला ते बिलात कुठेही सापडत नाही.

मुदत ठरवणे हीसुद्धा कला आहे. महाराष्ट्राने 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली. सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला 14,760 कोटी रुपये, मुदत एप्रिल 2024 ते मार्च 2029. विधानसभेची पुढची निवडणूक त्यानंतर काही महिन्यांनी. मुदतवाढ कधी जाहीर करावी याची चिंता पंचांगानेच मिटवली. उलट 2004 चा धडा विसरू नका: निवडणुकीआधी शून्य रकमेची बिले, आणि निवडणूक झाल्यावर वर्षभरात पुन्हा आकडे असलेली. इतकी घाई बरी नाही.

आता मुख्य विषय: पंपाचा मीटर. कलम 55 प्रमाणे 2003 नंतर दोन वर्षांत मीटरशिवाय वीजपुरवठा बंद व्हायला हवा होता. हे कलम देव्हाऱ्यात ठेवा, रोज नमस्कार करा, पण हात लावू नका. कारण मीटर नसलेला पंप ही या खात्यातली सर्वात उपयुक्त वस्तू आहे. गणित सोपे आहे. उपकेंद्रातून किती युनिट गेले ते माहीत असते. मीटरवाल्यांना किती विकले तेही माहीत असते. उरलेल्या युनिटांत दोन पाहुणे राहतात, एक शेती आणि दुसरी गळती, आणि कोण किती जेवले ते सांगणारा कुणी नाही. शेतीचा वापर ‘प्रति अश्वशक्ती इतके तास’ या अंदाजाने काढायचा असतो. ते तास थोडे वाढवले की एकाच फटक्यात गळती कमी दिसते, अनुदानाची मागणी वाढते, आणि दिल्लीला पाठवायच्या तक्त्यात कार्यक्षमता सुधारते. शहरात तारांवर टाकलेले चोरीचे आकडे, कारखान्यात मीटर चुकवणारा बायपास, तापलेल्या तारांत जळालेली वीज, सगळे बळीराजाच्या नावावर खपते. शिव्याही त्यालाच बसतात. त्याला विचारले तर तो सांगेल की वीज आलीच नव्हती, पण विचारायचे कारण काय?

वीज द्यायची ती आठ तास, थ्री फेज, चक्राकार पद्धतीने, आणि शक्यतो रात्री. रात्री दोन वाजता शेतात कोण जाणार, म्हणून शेतकरी पंपाला ऑटो स्विच लावतो आणि झोपतो. इथून पुढचे बारकावे भाषणात नाही तरी मनात असू द्या. बिल अश्वशक्तीवर असते म्हणून पंपाच्या पाटीवर 3 लिहिलेले असते आणि आत वाइंडिंग 5 चे असते. 63 केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, 0.8 पॉवर फॅक्टरने साधारण 50 किलोवॉट भार चालतो. 3 अश्वशक्तीचा पंप सुमारे 2.8 किलोवॉट ओढतो, म्हणजे कागदावर 18 पंप नीट बसले. प्रत्यक्षात 5 अश्वशक्तीचा पंप साडेचार किलोवॉटच्या आसपास ओढतो. 18 पंपांचे झाले 80. त्यात वीज येताच अठराही ऑटो स्विच एकाच क्षणी मोटर सुरू करतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. फ्यूज उडायला हवा, पण फ्यूजच्या जागी जाड तार आवळलेली असते, कारण फ्यूज रोज उडत होता. मग डीपी, म्हणजे तेच रोहित्र, जळते. गावकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती भांडाराकडे नेतात आणि वाटेत तुमच्या फलकाखालून जातात.

5 अश्वशक्तीच्या पंपाला साधारण 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर प्रवाह बराच उतरतो, व्होल्टेज सुधारते आणि रोहित्र वाचते. किंमत अगदीच किरकोळ, आणि म्हणूनच हा उपाय राजकारणात चालत नाही. कपॅसिटरचे उद्घाटन करता येत नाही.

गुजरातने 2003 पासून ज्योतिग्राम योजनेत गावठाणाचे आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे केले. त्यामुळे गावात चोवीस तास वीज राहिली आणि शेतीच्या फीडरवर किती युनिट गेले ते उघड मोजता आले. यातला पहिला भाग जरूर उचला. दुसऱ्या भागाबाबत समिती नेमा.

फुकट देण्याचा खर्च कुणीतरी उचलायचा असतो. तो उद्योगांवर आणि दुकानांवर टाका. राष्ट्रीय दर धोरण सांगते की कुठल्याही वर्गाचा दर सरासरी खर्चाच्या 20 टक्के वर किंवा खाली, एवढ्यातच असावा. धोरण ही सूचना असते, सूचनेला कोण विचारतो. कारखान्याला युनिट महाग पडले की तो स्वतःचा सौर प्रकल्प उभारतो. 2005 च्या नियमांप्रमाणे प्रकल्पात 26 टक्के भागीदारी घ्या, 51 टक्के वीज वापरा, की तो ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे स्वतःच्या वापराचा, होतो आणि क्रॉस सबसिडीचा, म्हणजे इतरांच्या सवलतीसाठी लावलेला, अधिभार चुकतो. मोठा ग्राहक गेला की उरलेल्यांचा दर वाढवा. मग पुढचा मोठा ग्राहक जातो. घरगुती ग्राहकही मागे नाही. छतावर 3 किलोवॉटचे पॅनेल बसवले की केंद्राचे 78,000 रुपये अनुदान मिळते, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट तयार होतात, आणि नेट मीटरिंगमुळे दुपारची वीज ग्रिडमध्ये ठेवून रात्री परत घेता येते. बँकेत लॉकर असावे तसे, पण भाडे नाही. जो पाचशे युनिट जाळून सगळ्यांची सबसिडी भरत होता, नेमका तोच हे पॅनेल बसवतो. तारांचा आणि खांबांचा खर्च त्याच्या शेजारच्या दोन खोल्यांतल्या भाडेकरूवर टाका. त्याला छत नाही, तो कुठे जाणार?

मीटरच्या नावाबद्दल विशेष काळजी घ्या. 2021 च्या केंद्रीय सुधारणा योजनेत, जिचा आराखडा 3 लाख कोटींहून मोठा, 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचे लक्ष्य होते. अनुदान मीटरमागे 15 टक्के किंवा 900 रुपये, यातले जे कमी ते, आणि तेही मीटर प्रीपेड चालवला तर. लोक भडकले. 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही अशी घोषणा झाली, आणि मग भिंतीवर ‘टीओडी मीटर’, म्हणजे वेळेप्रमाणे वापर मोजणारा, आला. मीटर प्रीपेड चालणार की पोस्टपेड, हे कंपनीच्या सर्व्हरवरून ठरवता येते, भिंतीला खिळा मारावा लागत नाही. तेव्हा बारसे आधी उरका. आणि प्रीपेडची सुरुवात सरकारी कार्यालयांपासून, ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांपासून आणि पाणीपुरवठा योजनांपासून करावी, असे कुणी सुचवले तर त्या अधिकाऱ्याची बदली करा. थकबाकीत तीच मंडळी पुढे असतात. तुमच्या दालनातला दिवा रिचार्ज संपल्यामुळे गेला तर पत्रकारांना काय सांगणार?

मागणी वाढते आहे म्हणून दचकू नका. 30 मे 2024 रोजी देशाने 2,50,000 मेगावॉटचा उच्चांक गाठला आणि तो भागवलाही. पण तो दुपारचा होता. दुपारी सूर्य तुमचा कार्यकर्ता असतो. सातनंतर तो घरी जातो आणि एसी मात्र चालूच राहतात. मे 2025 मध्ये काही दुपारी वीज बाजारातले भाव शून्याजवळ घसरले, तर कडक उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ते युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतात. कोळशाचे संच दुपारी 55 टक्क्यांपर्यंत उतरवायचे आणि तीन-चार तासांत पुन्हा पूर्ण चढवायचे, यात बॉयलरच्या नळ्यांना तडे जातात, पण नळ्यांना मत नसते. केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये सुचवले की नव्या सौर निविदेत क्षमतेच्या 10 टक्के, दोन तासांची साठवण ठेवा. 100 मेगावॉटला 20 मेगावॉट-तास. निदान एवढे तरी करा, फोटो बरा येतो.

2023 च्या नियमांनी घरगुती ग्राहकालाही सौर तासांत किमान 20 टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीत किमान दहा टक्के महाग दर सांगितला आहे. यातला पहिला अर्धा भाग जाहिरातीत मोठ्या अक्षरात टाका. दुपारी घरी कोण असते, हा प्रश्न वॉशिंग मशीनला विचारा. शेतीला यातून नियमांनीच वगळले आहे, तेव्हा तिकडे तुमचे कष्ट वाचले.

दरवाढ टाळायचीच असेल तर आयोगाकडे ‘नियामक मालमत्ता’ नावाची कोठी आहे. खर्च मान्य करायचा, पण वसुली पुढे ढकलायची. त्याच्या नावात चक्क ‘मालमत्ता’ असते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा ढीग ठरलेल्या मुदतीत उपसा असे बजावले, त्यामुळे आता कोठीचे दार जरा करकरते. वीजनिर्मिती कंपन्यांचे पैसे थकवण्याचा जुना उपायही 2022 च्या विलंब अधिभार नियमांनी अवघड केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थकबाकीमुळे 13 राज्ये-केंद्रशासित प्रदेशांतल्या वितरण कंपन्यांना बाजारातून वीज घेणे बंद झाले होते, एवढे लक्षात ठेवा. तरीही धीर सोडू नका. 2012 ची कर्ज पुनर्रचना, 2015 ची ‘उदय’ योजना: वितरण कंपन्यांचे कर्ज दर काही वर्षांनी दुसऱ्याच्या वहीत जाते. आपली पाळी येईपर्यंत तग धरायचा.

हे सगळे करूनही एखाद्या मे महिन्यात संध्याकाळी वीज कमी पडेल. तेव्हा ‘भारनियमन’ हा शब्द तोंडातून काढू नका. ‘तातडीची देखभाल दुरुस्ती’ म्हणा, ‘तांत्रिक बिघाड’ म्हणा, वादळ आले असेल तर त्याचे आभार माना. पूर्वी महाराष्ट्रात गळती आणि वसुली पाहून फीडरचे ए ते जी असे गट पाडले होते. जी गटाला अंधार जास्त. तशी यादी पुन्हा बनेल तेव्हा रात्री थोडे जागे राहा आणि आपल्या बंगल्याचा फीडर शोधून घ्या. ‘अत्यावश्यक सेवा’ या मथळ्याखाली तो रुग्णालय आणि जलशुद्धीकरण केंद्र यांच्या मधोमध टाइप करून घ्यावा. तिथे कुणी नजर टाकत नाही.