बाबा अडाणी नव्हते

परवा एका लग्नात पंगतीत कोणीतरी म्हणालं, "कोरोनात आपल्या कोकणातली माणसं अगदी अडाण्यासारखी वागली. लस घ्यायला घाबरली, ऐकेल त्यावर विश्वास ठेवला." मी गप्प राहिले. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव देवगड तालुक्यात. बाबा सातवी शिकलेले, सगळं आयुष्य आंब्याच्या कलमांत गेलं. मे 2020 मध्ये मुंबईहून चाकरमानी यायला लागले तेव्हा त्यांना 14 दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवत होते. मग चतुर्थी आली. सरकारने सांगितलं, 12 ऑगस्टपर्यंत गावात पोचा आणि 10 दिवस वेगळे राहा. चतुर्थी 22 तारखेला होती. बाबांनी बोटांवर दिवस मोजले आणि विचारलं, "मे म्हयन्यात ह्या रोगाक चौदा दिवस लागत होते, चवथीक धाच कशे?"

यात अडाणीपणा कुठे आहे? आणि या प्रश्नाला सरळ उत्तर होतं. लागण झाल्यावर बहुतेकांना पाच-सहा दिवसांत लक्षणं दिसतात, थोड्यांना 14 दिवसही लागतात. म्हणजे 10 दिवसांत धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. सणासाठी तेवढा धोका पत्करला आहे, असं कोणी सांगितलं असतं तर बाबांना ते लगेच कळलं असतं. आभाळ बघून मोहोरावर आज फवारणी करायची की दोन दिवस थांबायचं, हे दरवर्षी ठरवणारा माणूस आहे तो. धोका म्हणजे काय हे त्यांना शिकवायला लागत नाही. पण गावात आलेल्या कागदावर नुसत्या तारखा होत्या.

फवारणीवरून आठवलं, आणि हे लिहायला जड जातंय. त्याच मे महिन्यात आमच्या वाडीच्या तोंडाशी येणाऱ्या माणसांवर कलमं फवारायच्या पंपाने सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारत होते. सामानावर आणि अंगावरही. माझा चुलतभाऊ डोंबिवलीहून बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. पोरीचे डोळे चुरचुरले, ती किती वेळ रडत होती. मी पंधरा हातांवर उभी होते. माणसांच्या अंगावर असं फवारू नका, त्याचा उपयोग नाही, उलट अपायच होतो, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 18 एप्रिललाच कळवलं होतं. आमच्या वाडीपर्यंत ते आलंच नाही. त्या दिवशी तिथे वीस-पंचवीस माणसं असतील, पण एकाच्याही मनात शंका आली नाही. बाबांच्या शंकांपेक्षा मला त्या दिवसाचीच जास्त भीती वाटते.

आता लसीचं. बाबांनी पहिला डोस कोविशील्डचा घेतला, 20 मार्च 2021 ला, कोणी ओढून न नेता. दुसरा 28 दिवसांनी असं सांगितलं होतं. दोनच दिवसांनी ते सहा ते आठ आठवडे झालं. मेच्या मध्यात रिक्षा करून गेलो, तर 13 तारखेपासून अंतर 12 ते 16 आठवडे झालंय म्हणून परत पाठवलं. का, हे कोणी सांगेना. रांगेत माणसं एकमेकांना विचारत होती. बाबा म्हणाले, "लस नाय, म्हणान फुडे ढकलतत." त्यानंतर 16 मेला तौक्ते वादळ आलं. कितीतरी दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. अंधारात पडवीत बसून माणसं जे बोलतील तेच खरं.

जूनमध्ये आणखी एक झालं. शेजारचा मुलगा जहाजावर कामाला असतो. नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस मिळायला लागला, तसा त्याला मिळाला. बाबा खवळले. "माका चौऱ्यांशी दिवस आणि त्याका अठ्ठावीस? त्याचा रगत येगळा असा काय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते दिलं आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीने, खळ्यात उभं राहून, पावसात छत्री धरून. "काकानू, तरवो तयार होवच्या आधी कोण लावणी करता? पयल्या डोसान अंगात तरवो तयार होता, त्याका येळ दिवक व्हयो. जहाजवाल्याक घाई असा. कोवळो तरवो लावलो तरी भात येता, पण कमी येता."

तरवो म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. बाबा हसले. चार दिवसांनी जाऊन डोस घेऊन आले.

नंतर मी वाचलं. अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी असेल तर या लसीचा परिणाम साधारण 55 टक्के आणि 12 आठवडे किंवा जास्त असेल तर 81 टक्के, असं परदेशातल्या चाचण्यांत दिसलं होतं आणि ते फेब्रुवारी 2021 मध्ये छापूनही आलं होतं. त्याच वेळी देशात लस कमी पडत होती, हेही खरं. म्हणजे बाबांची शंका निम्मी बरोबर होती. ती उडवून लावणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं? अर्धं लपवलं की माणूस उरलेल्या अर्ध्यावरही विश्वास ठेवत नाही.

आणि हे समजावण्याचं काम कोणाच्या गळ्यात पडलं? कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला 1,000 रुपये प्रोत्साहन भत्ता मिळणाऱ्या बाईच्या. त्याच जूनच्या 15 तारखेपासून राज्यभरातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. आमच्या वाडीत तेव्हा काहींनी नाकं मुरडली. ज्यांच्या घरी ताई दोन-दोनदा येऊन गेल्या होत्या, त्यांनीसुद्धा.

चुलतभाऊ त्यानंतर दर चतुर्थीला येतो. आरतीला उभा राहतो, सगळ्यांशी हसून बोलतो. त्या पंपाचा विषय त्याने कधी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. मुलगी आता मोठी झालीय, तिला आठवत असेल की नाही माहीत नाही. येत्या चतुर्थीला आला की मी त्याला खळ्यात बसवून, पहिल्यांदा मीच बोलणार आहे.