खिडकीचं बिल कोणाच्या नावावर?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. आईबाबांचा फ्लॅट ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ, हॉल आणि एक बेडरूम थेट रस्त्यावर आणि त्यात पश्चिमेचं ऊन. भाऊ म्हणतो, सरळ यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमच्या, डबल ग्लासच्या खिडक्या टाकू आणि विषय संपवू. बाबा म्हणतात खिडक्या बंद करून मी राहणार नाही, मला वारा लागतो. आणि सोसायटी म्हणते, बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बदलणार असेल तर एनओसी मिळणार नाही. तिघांचंही म्हणणं मला पटतं, पण तिघंही एक गोष्ट धरून चालतात की आवाज आणि ऊन हा ज्याचा फ्लॅट त्याचा प्रॉब्लेम, त्याने त्याच्या खिशातून बघावं. मला हे मान्यच नाही.

मी राहते जर्मनीत ऑफेनबाखला, फ्रँकफर्टला लागूनच, आणि विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात. इथल्या खिडकीचं हँडल खाली केलं की बंद, आडवं केलं की दारासारखी उघडते, वर केलं की फक्त वरच्या बाजूने आत कलते. फ्रेमला चारी बाजूंनी रबर आहे, हँडल खाली दाबलं की पल्ला त्या रबरावर घट्ट बसतो आणि आवाज एकदम तुटतो. पण नुसत्या खिडकीमुळे इथे झोप लागते असं नाही. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ वेळापत्रकातल्या विमानांना बंदी आहे, ती लोकांनी कोर्टात भांडून मिळवली. आणि विमानांच्या आवाजाचा जो कायदा आहे त्यात आखून दिलेल्या झोनमधल्या घरांना आवाज रोखणाऱ्या खिडक्यांचे पैसे विमानतळ चालवणारी कंपनी देते, बेडरूममध्ये खिडकी बंद ठेवून हवा यावी म्हणून लावायच्या व्हेंटिलेटरचेही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाबांचा मुद्दा इथे सरकारी कागदावर मान्य केलेला आहे, की खिडकी बंद करायला लावायची तर हवेची सोय पण करून द्यायची. स्प्लिट एसी काही बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच फिरवतो.

भावाला माझं सांगणं आहे की काच बघण्याआधी फट बघ. आपल्याकडची ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी बंद केली तरी दोन पल्ल्यांच्या मधे जागा राहते, खाली ट्रॅकला पाणी जायला भोकं असतात, ब्रशची पट्टी दोन पावसाळ्यात झडते. खिडकीच्या १ टक्का जागा जरी उघडी राहिली तरी कितीही भारी काच लावा, २० डेसिबलच्या वर फारसा फायदा मिळत नाही. आणि दुकानदार जी ५-१२-५ ची (५ मिमीच्या दोन काचा, मधे १२ मिमी फट) डबल ग्लास दाखवतो ती एसीचा गारवा टिकवायला चांगली आहे, पण दोन्ही काचा सारख्या जाडीच्या आणि मधे जेमतेम अर्धा इंच, त्यामुळे रात्री ट्रक-ट्रेलर चढावर गिअर टाकतात तो खालच्या पट्टीतला घरघराट आरपार येतो. एक काच जाड आणि एक पातळ, त्यातली एक लॅमिनेटेड (दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर चिकटवलेली), असं सांगावं लागतं. नाहीतर आहे ती खिडकी तशीच ठेवून आतल्या ग्रॅनाइटवर चारेक इंच सोडून दुसरी, रबरवाली, उघडणारी खिडकी बसवायची. आवाजाला हाच उपाय बरेचदा जास्त लागू पडतो आणि बाहेरून काहीच बदलत नसल्यामुळे एलिव्हेशनचा प्रश्नही येत नाही.

उन्हाचं मात्र आतून काही होत नाही. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता घरातच राहते. इथे बहुतेक घरांना एसी नाही, तरी उन्हाळ्यात शेजारच्या आजी सकाळीच पट्टा ओढून बाहेरचं शटर खाली घेतात, संध्याकाळी वर. आपल्याकडे चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडदे बाहेरच्या बाजूला टांगायचे, ते तेच काम करायचे. नवीन टॉवरवाल्यांनी छज्जे काढून काचा मोठ्या केल्या आणि आता बाहेर साधी चिक लावली तरी नोटीस येते, याचा मला खरंच राग येतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जाही पुरत नाही, बाहेर उभा आडोसाच पाहिजे.

सोसायटीचं म्हणाल तर जर्मनीतही अपार्टमेंटची खिडकी कोणी एकटा बदलू शकत नाही, कारण ती सगळ्यांची सामाईक मालमत्ता धरतात. पण सामाईक आहे म्हणून खर्चही सहसा सामाईक फंडातून होतो. आपल्याकडे परवानगी सगळ्यांची आणि बिल एकट्याचं.

कायदा आपल्याकडेही आहे, २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा दिलेली आहे, ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांनी त्यासाठी हायकोर्टात लढा दिला. पण रस्त्याच्या, घोडबंदर रोडवरच्या मेट्रो ४ च्या कामाच्या आवाजाचं बिल कोणी भरायचं हे कोणी विचारतच नाही. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, उलवे-पनवेलला ब्रोशरमध्ये 'एअरपोर्टपासून इतक्या मिनिटांवर' छापून फ्लॅट विकले, आता तिथल्या लोकांनी खिडक्या आणि रात्रीच्या वेळा हे दोन्ही विषय आत्ताच लावून धरायला पाहिजेत, ट्रॅफिक वाढल्यावर कोण ऐकणार. आणि नौपाड्यात रिडेव्हलपमेंटला निघालेल्या बिल्डिंगींनी कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी रक्कम), पार्किंगच्या जोडीला खिडकीचा प्रकार, काचेची जाडी, रबर आणि बाहेरचा आडोसा ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्यावा, भिंती उभ्या राहायच्या आधी हे सगळं स्वस्तात होतं.

आमच्याकडे सध्या ठरलंय ते असं, बेडरूमला आतून दुसरी खिडकी आणि व्हेंटिलेटर, हॉल बाबांच्या वाऱ्यासाठी आहे तसाच, आणि पुढच्या जनरल बॉडीत भाऊ रस्त्याकडच्या सगळ्या फ्लॅटसाठी बाहेरच्या चिकेचं एकच डिझाइन आणि त्याला सोसायटीच्या फंडातून पैसे, असा ठराव मांडणार आहे. चेअरमन काका अजून हो म्हणालेले नाहीत.