‘सात दिवसांत युकुलेले’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: युकुलेले म्हणजे लहान मुलांची गिटार, चार तारा, चार कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरसमूह), सात दिवसांत कुठलंही गाणं, स्वस्तातलं मागवा, पुढे गिटार आपोआप येते, मात्र आपली गाणी त्यावर वाजत नाहीत आणि कोकणातल्या हवेत ते टिकत नाही.

मी वेंगुर्ल्यात राहते. सहा वर्षं युकुलेले वाजवते आणि संध्याकाळी वाडीतल्या मुलांना शिकवते. असले मेसेज मी एरवी सोडून देते, पण या एकाने माझ्या डोळ्यांसमोर एका मुलीचं वाद्य बंद पाडलं होतं. शेजारची सातवीतली पोर मे महिन्यात नवं युकुलेले घेऊन आली आणि नवव्या दिवशी ते माझ्या ओटीवर ठेवून म्हणाली, “काकी, माका नाय जमणा.” तिला सी हा कॉर्ड वाजत होता, एफ वाजत होता. सीवरून जीवर जाताना मात्र गाणं दर वेळी थांबायचं. मेसेजच्या हिशेबाने ती दोन दिवसांपूर्वीच नापास झाली होती.

म्हणून आधी सात दिवसांचं बोलते. सी कॉर्डला एकच बोट लागतं, ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात. ए मायनरलाही एकच, जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. त्यातच ई तारेचा पहिला फ्रेट दाबला की एफ झाला. इथवर मूल पहिल्याच संध्याकाळी पोचतं, आणि तो आनंद अगदी खरा असतो. जी कॉर्डला मात्र तीन बोटं त्रिकोणात बसवावी लागतात. नुसती बसवणं दोन दिवसांत येतं. ताल न मोडता तिन्ही एकदम उचलून एकदम टेकवणं, याला माझ्याकडच्या मुलांना तीन-चार आठवडे लागतात. मोठ्यांना जास्तच. उपाय साधा आहे: घड्याळ लावून एक मिनिट फक्त सी-जी-सी-जी, आणि डावा हात चुकला तरी उजवा थांबवायचा नाही. गाणं डाव्या हाताच्या चुकीने मोडत नाही, उजवा थांबला की मोडतं. त्या पोरीला मी एवढंच दिलं, रोज दहा मिनिटं.

त्यात तारांची भर. नायलॉनच्या नव्या तारा कित्येक दिवस ताणत राहतात. सूर लावून जरा वाजवलं की पुन्हा उतरलेल्या. मुलाला वाटतं वाद्य बिघडलंय, नाहीतर आपल्याला कानच नाही. म्हणजे ज्या सात दिवसांत गाणं कबूल केलंय, त्या सात दिवसांत तारासुद्धा जागेवर आलेल्या नसतात! सूर दाखवणारा ट्यूनर लावायचा, दर वेळी पुन्हा सूर मिळवायचा. पोर रडवेली झाली तर तिला हे समजावून सांगायचं.

‘स्वस्तातलं मागवा’ यातलं स्वस्त मला मान्य आहे, डोळे मिटून मागवणं मान्य नाही. मोकळी तार सुरात लावा, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. बरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. येत नसेल तर ते वाद्य कुणीही वाजवलं तरी बेसूरच वाजणार. परत पाठवा. आणि आवाज वाढावा म्हणून गिटारच्या स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तो ताण सोसायला हे लाकूड बनवलेलंच नसतं, तारा बांधायची लाकडी पट्टी, म्हणजे ब्रिज, उखडून येतो.

‘लहान मुलांची गिटार’ हे तर इतिहासालाच धरून नाही. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन हवाईतल्या होनोलुलूला लागलं. त्यात नुनेस, डियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मदेरातल्या माशेत या छोट्या तंतुवाद्यावरून त्यांनी तिथे जे घडवलं ते युकुलेले. हवाईचा राजा कालाकौआ याने ते दरबारात मानाने वाजवून घेतलं. आज हवाईचाच युकुलेलेवादक जेक शिमाबुकुरो याला एकदा ऐका, खेळणं हा शब्द पुन्हा तोंडात येणार नाही. आपल्या किनाऱ्यालाही पोर्तुगीज लागले होते. रायगडातल्या कोर्लईत आजही त्यांच्या भाषेतून घडलेली बोली घराघरांत बोलतात. समुद्रावरून आलेलं आपलंसं करणं आपल्याला नवं नाही.

आता ‘आपली गाणी वाजत नाहीत’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. युकुलेलेच्या मोकळ्या तारा वरून खाली जी, सी, ई, ए. पांढरी एक म्हणजे सी हा सा धरा, मग त्याच तारा होतात प, सा, ग, ध. यातली प ची तार जाड नसते, तिचा स्वर ग आणि ध यांच्या मधेच येतो. म्हणजे भूप रागाचे चार स्वर बोट न लावता हातात! रे हवा तर सा च्या तारेचा दुसरा फ्रेट, वरचा सा हवा तर ध च्या तारेचा तिसरा. दोन जागा दाबून भूपाचा आरोह पुरा. आमच्या वाडीतल्या भजनीबुवांना मी हे पेटीशेजारी बसून वाजवून दाखवलं. त्यांनी पांढरी एक दाबून धरली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “पुन्हा वाजव.” मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हे खरं. स्वर लवकर विरतो, हेही खरं. पण मींड पेटीतूनही निघत नाही. पेटीही परदेशीच, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली होती. सिंधुदुर्गातल्या कुठल्या भजनाने तेवढ्यासाठी पेटी सोडली?

हवेबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून नीट ऐका. माझं पहिलं युकुलेले अखंड लाकडाचं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैत, त्याची वरची फळी फुगली, तारा फ्रेटपासून वर उचलल्या गेल्या आणि एका सकाळी युकुलेले ठेवायची पेटी उघडली तर ब्रिजचा गोंद सुटलेला. चूक माझी होती. परदेशी व्हिडिओत पेटीत ओलावा देणारी डबी ठेवायला सांगतात, आणि मी ती ठेवली होती. तो सल्ला कोरड्या हवेच्या मुलखाचा. आपल्याकडे मिरगापासून दसऱ्यापर्यंत पेटीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. पहिलं वाद्य लॅमिनेट लाकडाचं घ्या, थर उलटसुलट चिकटवलेले असल्याने ते कमी फुगतं. ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, खुंट्यांच्या दातऱ्यांवरची खारी ओल कोरड्या फडक्याने पुसा, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. एवढं केलं की टिकतं. माझं दुसरं पाच पावसाळे टिकलंय.

राहिली गिटार. बोटांच्या आकृत्या गिटारच्या खालच्या चार तारांशी जुळतात, नावं मात्र बदलतात: युकुलेलेच्या सीचा आकार तिथे जी होतो. बोटांना वळण लागतं ते कामी येतं. पण आणखी दोन तारा आणि स्टीलचा कडकपणा नव्याने शिकावा लागतो. आपोआप काही येत नाही.

ती पोर सव्विसाव्या दिवशी सीवरून जीवर न थांबता गेली. मी अंगणात तांदूळ निवडत होते, उजवा हात चालू राहिल्याचं मला न बघताही कळलं. या गणपतीत ती आरतीला पेटीशेजारी बसणार आहे. बुवांचा स्वर खरा काळी दोनचा, पण तिच्यासाठी एका आरतीला पांढरी एक धरायचं त्यांनी कबूल केलंय.