विशुद्ध चक्र आणि टीएसएच

परवा कट्ट्यावर पम्याने जाहीर केलं, की तो थायरॉइडची गोळी सोडतोय. योगवर्गाच्या सरांनी सांगितलंय, विशुद्ध चक्र अडलंय, ते मोकळं झालं की मेटाबॉलिझम आपोआप वाढेल.

"चक्र गळ्यात, थायरॉइडही गळ्यात. हा काय योगायोग?"

"गळ्यात टाय पण असतो," मंदार म्हणाला. त्याचं मेडिकलचं दुकान आहे. "लेका, तुझी ग्रंथी थायरॉक्सिन कमी बनवते, म्हणून वजन, म्हणून सुस्ती. रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ते बघून डोस ठरतो. चक्राचा रिपोर्ट कुठली लॅब देते?"

पम्याने थेट पतंजली काढले. कंठकूपावर, म्हणजे गळ्याच्या खळग्यावर, संयम (एकाग्र ध्यान) केला की तहानभूक निवते, असं योगसूत्रांत आहे. आहेच. पण त्यात ग्रंथीचा उल्लेख नाही. आणि भूक निवणं म्हणजे शरीराची भट्टी मंदावणं, पेटणं नव्हे, हे मी त्याला म्हटलं. ध्यानात प्राणवायूचा खप उलट कमी होतो, हे 1970च्या सुमारास अमेरिकेत मोजलंय. म्हणजे चक्राचा आणि मेटाबॉलिझमचा संबंध मानलाच, तरी तो पम्याला हवाय त्याच्या उलट्या दिशेने जातो!

सुऱ्याला राहवेना. "अरे, दयानंद सरस्वतींनी गंगेतून वाहत आलेलं प्रेत काढून चिरलं होतं. चक्रं सापडली नाहीत, तेव्हा चक्रांचं वर्णन करणारे ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिले." हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. माझ्या मते त्यांनी जरा घाई केली. चक्रं ध्यानासाठी आहेत. सोळा पाकळ्या, त्यांवर अक्षरं, ही मनात उभी करायची आकृती. ती सुरीला कशी सापडणार? शरीरशास्त्राशी सांगड घालायची हौस अलीकडची. 1927 साली मुंबईच्या डॉ. वसंत रेळ्यांनी कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नर्व्ह (मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस) असं मांडलं होतं. पम्याच्या वर्गातल्या पोस्टरवर मणिपूर, म्हणजे नाभीचं चक्र, पिवळंधमक आहे, 1577च्या षट्चक्रनिरूपण या चक्रांवरच्या संस्कृत ग्रंथात मात्र त्याच्या पाकळ्या पावसाळी ढगाच्या रंगाच्या. चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग मागाहून आलेत.

"मग प्राणायामाने मला बरं वाटतं ते खोटं?"

"खोटं कोण म्हणतंय?" मंदार म्हणाला. "सावकाश श्वास घेतलास की नाडी संथ होते, झोप लागते. कर की. पण त्याने थायरॉक्सिन तयार होत नाही."

पम्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "वर्ग सहाला असतो. गोळी आधी घ्यायची की नंतर?"

"उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. अर्धा तास चहा नाही. आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी."

"अर्धा तास चहा नाही?" पम्याला चक्रापेक्षा हे जास्त लागलं.