दाह किती भडकेल, हे जनुकांवरही ठरते

अत्यवस्थ रुग्णाच्या शरीरातील दाह, म्हणजे संसर्गाशी लढताना शरीरात उठणारी सूज, किती भडकेल हे वय आणि सहव्याधींवर अवलंबून असते, एवढे सांगून आपल्याकडे आलेला दाहावरचा लेख थांबला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मे २०२१ मध्ये माझे दोन्ही काका एकाच आठवड्यात कोविडने आजारी पडले. वयात दोनच वर्षांचे अंतर, मधुमेह दोघांनाही, पण धाकटे घरीच बरे झाले आणि थोरल्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ७८ चा आकडा मी स्वतः पाहिला. एका घराच्या अनुभवावरून जनुकांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य आहे. मात्र एडिंबरा विद्यापीठातील केनेथ बेली यांच्या गटाने ब्रिटनमधील २०८ अतिदक्षता विभागांतल्या २,२४४ कोविड रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा टीवायके-२ या जनुकाच्या अधिक सक्रियतेचा गंभीर आजाराशी संबंध दिसला. या जनुकापासून बनणारे प्रथिन दाहाचे संदेश पेशीच्या आत पोहोचवते. त्याच कुळातील प्रथिनांना रोखणारे बॅरिसिटिनिब हे संधिवाताचे औषध पुढे कोविडवरील औषधांच्या ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत मृत्यू कमी करणारे ठरले. नामशेष झालेल्या निअँडरथल मानवाकडून आलेला, गंभीर कोविडची जोखीम वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडा युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत, तर दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत आढळतो. तो इथेही तितकाच घातक आहे का, हे आपल्याच रुग्णांवर तपासले पाहिजे, आणि लेखकाने त्याविषयी जरूर लिहावे.