दलीप सिंग सौंद : फॉरवर्डमधले आणि खरे

व्हॉट्सअॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा : पंजाबातला एक अडाणी शेतमजूर रिकाम्या खिशाने अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियाचा आमदार व न्यायाधीश झाला. त्याला ना रंग आडवा आला, ना कायदा. आपल्याच लोकांनी भरभरून मतं दिली. तेव्हा रडगाणं सोडा आणि कष्ट करा! खाली दलीप सिंग सौंद यांचा फोटो. माणूस खरा आहे आणि मोठाही आहे. मजकुराचं मात्र तसं नाही.

'आमदार' हे पटकन संपवू. सौंद कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात कधीच नव्हते. 1956 साली ते थेट अमेरिकी प्रतिनिधीगृहात निवडून गेले, म्हणजे आपल्या भाषेत खासदार. आधी आमदार, मग खासदार हा क्रम बेळगावच्या श्री ठाणेदारांचा. ते मिशिगनच्या विधिमंडळात होते आणि 2023 मध्ये वॉशिंग्टनला गेले.

'अडाणी शेतमजूर' हे तर उलटंच आहे. अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डीचे सौंद 1920 साली अमेरिकेत पोचले ते गणितातली बीए घेऊन. 1924 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून गणितातच पीएचडी केली. त्यानंतर हा डॉक्टर इंपीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम झाला, कारण हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला तिथे शेतीखेरीज दुसरं दार फारसं उघडंच नव्हतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यात प्रेरणा दिसते. मला त्यात एक वाया घालवलेली पदवी दिसते.

आता मुख्य मुद्दा : 'कायदा आडवा आला नाही.' खरं तर कायद्याखेरीज दुसरं काही आडवं आलंच नाही म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारी 1923 मध्ये, सौंद विद्यार्थी असतानाच, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते, त्याचाही उपयोग झाला नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, अशा अनेकांचं ते काढून घेण्यात आलं. लॉस एंजलिसचे वकील सखाराम गणेश पंडित (नाव वाचून मराठी कान टवकारतीलच) स्वतःचा खटला लढले आणि 1926 मध्ये जिंकले, पण असे जिंकणारे विरळाच. नागरिक होऊ न शकणाऱ्याला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घ्यायला कायद्याने बंदी होती. 1922 ते 1931 या काळात अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जात असे. सौंद यांनी मॅरियन कोसा यांच्याशी लग्न केलं ते 1928 मध्ये.

हे कोणा एकट्याच्या घामाने बदललं नाही. 1942 मध्ये सौंद आणि सहकाऱ्यांनी इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका उभी केली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची इंडिया लीग खासदारांच्या मागे लागली होती. 2 जुलै 1946 रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली, तेव्हा कुठे हिंदी लोकांना नागरिकत्वाचा अर्ज करता येऊ लागला. स्थलांतराचा कोटा मिळाला तो वर्षाला फक्त 100 माणसांचा. सौंद 16 डिसेंबर 1949 रोजी नागरिक झाले. वय 50, तिथे राहून 29 वर्षं झालेली. कष्ट तर ते पहिल्या दिवसापासून करतच होते.

न्यायाधीशपदही सुखासुखी मिळालं नाही. 1950 मध्ये वेस्टमोरलंड गावात ते जस्टिस ऑफ द पीस म्हणून निवडून आले. हे किरकोळ गुन्हे आणि लहान दाव्यांचं कोर्ट. पण निवडणुकीच्या वेळी नागरिकत्वाला एक वर्ष पुरं झालेलं नव्हतं, म्हणून त्यांना ती जागा नाकारली गेली. 1952 मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. त्याच प्रचारात एकाने खवचटपणे विचारलं होतं, की तुमच्या कोर्टात यायला पगड्या तुम्हीच पुरवणार, की आम्ही विकत आणायच्या? सौंद म्हणाले, डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, आत काय आहे तेवढं मी बघतो.

1956 मध्ये पुन्हा तारखांचा खेळ झाला. खासदाराला सात वर्षांचं नागरिकत्व लागतं. मतदानाच्या दिवशी सौंद यांची सात वर्षं भरायला जेमतेम चाळीस दिवस कमी होते, आणि पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याने तेवढ्यावर कोर्ट गाठलं. ते टिकलं नाही, कारण शपथविधी जानेवारी 1957 मध्ये होता.

राहिली 'आपल्याच लोकांची मतं'. दहा वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना नागरिकच होता येत नव्हतं, त्यांची मतं असणार तरी किती? रिव्हरसाइड आणि इंपीरियल या दोन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) मतदार प्रामुख्याने गोरे होते, आणि त्या वर्षी देशभर रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांची लाट होती. समोर जॅकलिन कॉक्रन होत्या, ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली महिला वैमानिक आणि एका बड्या उद्योगपतीची पत्नी. सौंद डेमोक्रॅट होते. अख्खं कुटुंब दारोदार फिरलं, मतदारांची नोंदणी केली, आणि त्या गोऱ्या शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी त्यांना तीनदा वॉशिंग्टनला पाठवलं.